घरांतील इंटरनेट आणि भिंतीआडची तार

सायंकाळीं घरांतील इंटरनेट मंदावलें, कीं एकत्र कुटुंबांत प्रथम आरोपीचा शोध सुरू होतो. आजोबा नातवाकडे बोट दाखवितात, नातू कंपनीला बोल लावतो, आणि अखेरीस अधिक वेगाची, अधिक दराची योजना घ्यावी असा ठराव होतो. हा खर्च पुष्कळ वेळां फुकट जातो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दोष कोठें आहे हें ठरविण्याची पहिली कसोटी सोपी आहे. संगणक राउटरला तारेनें जोडावा, इतरांनीं क्षणभर आपापले फोन बाजूला ठेवावे (एकत्र कुटुंबांत हेंच सर्वांत कठीण!) आणि वेग मोजावा. तेथें तो पुरा भरला व माडीवर भरला नाहीं, तर कंपनी निर्दोष आहे. कोल्हापुरांत शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्तींतील जाड भिंतींच्या घरांत हें नित्याचें. राउटर सोप्यांत दाराशीं, कारण तार तेथून आंत आली. आणि परीक्षेचा विद्यार्थी माजघरापलीकडच्या खोलींत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंत ओलांडतांना लवकर थकतात. २.४ च्या लहरी दूर पोंचतात, पण शेजारच्या घरांच्या लहरींचीही तेथेंच गर्दी असते. त्यांत राउटर लोखंडी कपाटामागें लपविला, म्हणजे संपलेंच.

अशा घरांत माडीपर्यंत तारच न्यावी. या जाड तारेच्या पोटांत आठ बारीक तारा, पीळ दिलेल्या चार जोड्यांत असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विद्युत्-उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर सारखा पडून वजा व्हावा, यासाठीं तो असतो. १०० मेगाबिटांच्या वेगास दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. म्हणून ३०० ची योजना असूनही मोजणी ९०-९५ पाशींच अडत असेल, तर एक तर राउटर जुन्या प्रतीचा आहे, नाहीं तर टोकाशीं एखादी तार सुटली आहे. दोन्ही टोकांस रंगांचा क्रम एकच असावा, सलग लांबी १०० मीटरांपुढें नसावी, आणि विजेच्या तारांच्या नळींतून ही तार ओढूं नये.

कांचतंतूची गोष्ट निराळी. डबीवरील ‘लॉस’चा दिवा तांबडा लुकलुकूं लागला, म्हणजे प्रकाशच घरापर्यंत येत नाहीं, मग राउटर दहा वेळां बंद-चालू करून कांहीं साधत नाहीं. खिडकीच्या चौकटींत चेपलेला वा खिळ्याभोंवतीं वळविलेला तंतु आधीं शोधावा. सुटलेल्या टोकांत मात्र डोळा लावून पाहूं नये. तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास अपाय करूं शकतो.

पंचगंगेच्या पुराच्या टप्प्यांतील घरांस आणखी एक सूचना. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत आलेलें पाणी कोणी विसरलेलें नाहीं. कांचतंतूस पाण्याचें फारसें भय नाहीं. भय आहे तें विजेवर चालणाऱ्या डबीस. ती माडीवर, इन्व्हर्टरच्या जोडणीवर असावी. म्हणजे वीज गेली तरी, कंपनीचें पुढचें यंत्र चालू असेल तोंवर, बाहेरगांवच्या मुलांलेकींस घरची खुशाली कळवितां येईल.