संदर्भग्रंथ हाताशी हवा

मोर्शीचे नाव निघाले की संत्र्याच्या बागा आणि सिंभोऱ्याचे ऊर्ध्व वर्धा धरण आठवते. बिनतारी संदेशवहन किंवा संगणकशास्त्र यांच्या ग्रंथांशी या तालुक्याचा संबंध सहसा कोणी जोडत नाही. तथापि १९६४ साली स्थापन झालेले अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय येथून फार दूर नाही, आणि तेथे जाण्याची उमेद बाळगणारी मुले याही तालुक्यात आहेत. सुट्टीत गावी आलेल्या अशा विद्यार्थ्याला शंका पडली, तर त्याने कोणता ग्रंथ उघडावा, आणि कोठे?

पाठ्यपुस्तक परीक्षेपुरते वाचले जाते. संदर्भग्रंथ अडल्या वेळी उघडला जातो. एक साधे उदाहरण घ्यावे. १०० मेगाहर्ट्‌झच्या नभोवाणी लहरीची लांबी ३ मीटर असते. तिच्यासाठी अर्धतरंग अँटेना करावयाचा, तर सूत्राप्रमाणे तो १.५ मीटर लांबीचा हवा. प्रत्यक्षात मात्र तो सुमारे पाच टक्के आखूड, म्हणजे १.४३ मीटरांच्या आसपास ठेवावा लागतो. कारण तारेची जाडी आणि तिची टोके यांच्या परिणामामुळे तो मोजमापापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. सूत्र आज मोबाइलवर क्षणात सापडते. परंतु ते कोठवर खरे मानावे, हा विवेक जॉन क्रॉस यांच्या १९५० सालच्या ‘अँटेनाज’सारखा ग्रंथ शिकवितो. ‘सी’ या संगणकभाषेच्या अभ्यासकांना कर्निगन व रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकाने असाच आधार दिला.

असे ग्रंथ महाग असतात. ब्रिटिश साहाय्याने निघणाऱ्या ‘ईएलबीएस’च्या स्वस्त आवृत्त्यांमुळे एके काळी अनेक तांत्रिक पुस्तके सामान्य घरांत पोहोचली, पुढे ती योजना बंद पडली. मध्यमवर्गीय पालकाने प्रत्येक ग्रंथ विकत घ्यावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्या कायद्याच्या आधाराने चालणाऱ्या तालुक्याच्या ग्रंथालयात कादंबऱ्या आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके जरूर असावीत. पण तंत्रविषयक वीस-पंचवीस निवडक संदर्भग्रंथांचे एक कपाटही असावे. निवड महाविद्यालयीन प्राध्यापकांनी करावी आणि जुन्या आवृत्त्या वेळोवेळी बदलाव्यात.

प्रश्न भाषेचाही आहे. २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास देशात आरंभ झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वर्गात मराठी ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक शंकेसाठी इंग्रजी ग्रंथच चाळावा लागला, तर हा प्रयत्न अर्धाच राहील. भाषांतराइतकीच मराठीत मुळातून लिहिलेल्या संदर्भग्रंथांची गरज आहे, आणि ते काम शिक्षकांनीच हाती घ्यावयास हवे.

सिंभोऱ्याला पाणी साठले म्हणून शेत भिजत नाही. कालवा शिवारापर्यंत यावा लागतो. ज्ञानाचेही तसेच आहे. महानगरांतील ग्रंथालये समृद्ध झाली, एवढ्याने मोर्शीच्या विद्यार्थ्याची तहान भागत नाही.