टर्बो मोटारीचा इंटरकूलर

पुणें-सोलापूर महामार्गानें भिगवण सोडून इंदापूरकडे निघालें म्हणजे डाव्या हातास उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो, व थोड्याच वेळांत पळसदेव हें गांव लागतें. जलाशयाचें पाणी फार ओसरलें म्हणजे पळसनाथाचें जुनें देऊळ ज्या गांवीं डोकें वर काढतें, तेंच हें पळसदेव. तेथील एका पालकांनीं गेल्या उन्हाळ्यांत आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांची टर्बो डिझेल मोटार थंडीच्या पहाटे जशी जोमानें धांवे, तशी वैशाखाच्या दुपारीं भरल्या ओझ्यानें चढ चढेना. एका कारागिरानें त्यांस मोठा इंटरकूलर बसविण्याचा सल्ला दिला होता. मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेविलेल्या पैशांतून त्याकरितां रक्कम काढावी कीं काढूं नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांस दिलेलें उत्तर इतर पालकांस व विद्यार्थ्यांसही उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून तें येथें देत आहों.

एंजिनांत इंधन जाळावयास हवा लागते. जितकी हवा आंत जाईल त्या मानानेंच इंधन नीट जळेल व शक्ति उत्पन्न होईल. एंजिनांतून फुकट बाहेर जाणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक चक्र फिरवावें, आणि त्या चक्राकडून आंत जाणारी हवा दाबून घ्यावी, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी ह्यांची. १९०५ सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. हाच टर्बोचार्जर. मालट्रकांवर 'टर्बो' हीं अक्षरें रंगविलेलीं आपण पाहिलीं असतीलच. पुण्यास तयार झालेली टाटांची सफारी १९९८ सालीं आणि नाशकास तयार झालेली महिंद्रांची स्कॉर्पिओ २००२ सालीं बाजारांत आली. त्या दोहोंच्याही डिझेल एंजिनांस टर्बोचार्जर होता.

परंतु हवा दाबली कीं ती तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक हातास चटका देतें, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणजे एका हातानें हवा दाबून अधिक भरावी आणि दुसऱ्या हातानें ती तापवून विरळ करावी, असा हा प्रकार झाला. म्हणून टर्बोचार्जर व एंजिन ह्यांच्या मध्यें पातळ पत्र्यांची व नळ्यांची एक जाळी बसवितात. दाबलेली हवा नळ्यांमधून जाते आणि रस्त्यावरचा वारा बाहेरून पत्र्यांवर आदळून तिची उष्णता काढून घेतो. हाच इंटरकूलर. कढत चहा कपापेक्षां बशींत लवकर निवतो, कारण बशींत तो पसरतो. मोठा इंटरकूलर म्हणजे मोठी बशी, दुसरें कांहीं नव्हे.

आतां थोडें गणित करूं. बाहेरचें उष्णतामान ४२ अंश सेल्सिअस आहे, टर्बोचार्जर हवेचा दाब दुप्पट करीत आहे, आणि त्याची कार्यक्षमता शेंकडा ७० आहे, असें धरूं. ह्या हिशेबानें दाबलेली हवा सुमारें १४० अंशांपर्यंत तापते. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षां ९८ अंश अधिक. मोटारींतील मूळचा इंटरकूलर ह्या अधिक उष्णतेपैकीं शेंकडा ६० भाग काढून घेत असेल, तर एंजिनांत शिरणारी हवा ८१ अंशांची राहील. नवा, मोठा इंटरकूलर शेंकडा ८० भाग काढीत असेल, तर ती ६२ अंशांवर येईल. दाब तितकाच राहिला, तर ह्या १९ अंशांच्या फरकानें हवा शेंकडा पांच-सहांनीं दाट होते. हा लाभ लहान नव्हे.

आतां हेंच गणित पौषांतील पहाटेचें करून पाहा. बाहेर १२ अंश असतां दाबलेली हवा सुमारें १०१ अंशांवर जाते, आणि जुनाच इंटरकूलर तिला ४८ अंशांवर आणतो. अर्थात् उन्हाळ्यांतील मोठ्या इंटरकूलरापेक्षां हिंवाळ्यांतील लहान इंटरकूलरच अधिक थंड हवा देतो! इंटरकूलर थंडी निर्माण करीत नाहीं. तो केवळ उष्णतेस बाहेरची वाट दाखवितो. वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर कितीही मोठा असला, तरी बाहेरच्या वाऱ्यापेक्षां आंतील हवा थंड करूं शकत नाहीं. वैशाखांत पौषाची पहाट पैसे देऊन विकत मिळत नाहीं.

शिवाय हा लाभ सर्व वेळ मिळत नाहीं. सपाट रस्त्यावर बेतानें जातांना टर्बोचार्जर हवा थोडीच दाबतो. तेव्हां जुन्या व नव्या इंटरकूलरांतील भेद जाणवतही नाहीं. सरडेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेंत उभें राहिलें असतां वाराच नसतो. त्या वेळीं दोन्ही जाळ्या एंजिनाच्या धगीनें तापत राहतात. भेद दिसतो तो दीर्घ चढावर, ओझें घेऊन, सतत जोर लावतांना. मोठ्या जाळीचें पोटही मोठें असल्यामुळें ती दाबानें भरावयास किंचित् विलंब लागतो. आणि तिची घडण वाईट असेल, तर हवेचा दाब वाटेंतच घटतो व मिळविलेलें हातचें जातें.

आणखी दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पेट्रोल एंजिनांत हवा फार तापली तर इंधन अवेळीं पेटून ठोके पडूं लागतात. तेव्हां थंड हवेनें शक्तीबरोबर एंजिनाचें रक्षणही होतें. डिझेल एंजिनांत मात्र हवा वाढली तरी इंधनाचें माप तेंच राहिलें, तर शक्ति फारशी वाढत नाहीं. आणि तें माप कारागिराकडून वाढवून घेण्यापूर्वीं कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे.

म्हणून आम्हीं त्या पालकांस इतकेंच सुचविलें कीं, नवी जाळी घेण्यापूर्वीं आहे ती जाळी पाहा. त्यांनीं ती उघडवून पाहिली. जलाशयाकांठच्या वाटेवरील कीटक, धूळ आणि वाळला चिखल ह्यांनीं निम्मे पत्रे बुजलेले होते, व हवेच्या रबरी नळीची एक पकड सैल होऊन दाब गळत होता. हलक्या पाण्यानें जाळी धुतली, पकड आवळली. मोटार पुन्हां तिच्या मूळच्या शक्तीनें चालूं लागली, आणि मुलीचे पैसे जेथल्या तेथें राहिले.

विद्यार्थीमित्रहो, यंत्राविषयीं कोणीं कांहीं मोठें सांगितलें तर त्यास दोन प्रश्न विचारावयास शिका: किती अंशांनीं, आणि कोणत्या परिस्थितींत? ज्यास हे दोन प्रश्न सुचतात, त्याची फसवणूक सहसा होत नाहीं.