‘जीन बंद करणारं’ औषध आलंय म्हणून केमो थांबवायचा का?

छावणीतल्या एका शेजाऱ्याने परवा मोबाईल पुढे केला. “भाई, हे बघा. कॅन्सरचं जीन बंद करणारं इंजेक्शन आलंय म्हणे. अब्बूंचा केमो थांबवू का?” त्यांच्या वडिलांचा कर्करोग पसरलेला आहे. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार सुरू आहेत.

यामागचं शास्त्र खोटं नाही. जीन म्हणजे पेशीतली मूळ वही. तिच्यातल्या मजकुराची चिठ्ठी बाहेर जाते आणि त्यानुसार प्रथिन तयार होतं. हॉटेलात ऑर्डरची चिठ्ठी भटारखान्यात जाते तसंच. ही औषधं वहीला हात लावत नाहीत, चिठ्ठी वाटेतच नष्ट करतात. असं करण्याची एक पद्धत उलगडल्याबद्दल अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं. कोलेस्टेरॉलवर या जातीचं औषध बाजारात आहेही.

कर्करोगात मात्र ते केमोच्या जागी नाही, केमोच्या जोडीला तपासलं जातं. कारण केमोचा मारा सुरू झाला की काही कर्कपेशी ‘क्लस्टरिन’ नावाचं प्रथिन जास्त बनवून तग धरतात. ते रोखलं तर केमो जास्त लागू पडेल, असा तर्क होता. म्हणून कस्टिरसेन हे औषध पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात डोसिटॅक्सेल या केमोसोबत दिलं गेलं. ८२ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या केमोवरचे निम्मे रुग्ण १६.९ महिन्यांपेक्षा जास्त जगले. दोन्ही घेणाऱ्यांत हाच आकडा २३.८ होता. सात महिने! कुणाही घरच्यांना ते किती मोठे वाटतील, सांगायला नको. मग हीच तुलना १,०२२ रुग्णांवर झाली. आकडे आले साधारण २२ आणि २३. फायदा सिद्ध झाला नाही, औषध मागे पडलं.

मोबाईलवर फिरतात ते पहिल्या चाचणीसारखे निकाल. दुसरीची बातमी कोण फॉरवर्ड करतो?

तरी चाचणीत जाणं वाईट, असं अजिबात नाही. भारतात २०१९ चे नियम रुग्णाच्या बाजूने बरेच स्पष्ट आहेत. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवं, मराठी असो वा उर्दू. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार बसवावा लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते, आणि मध्येच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची सरकारी नोंदणीही सक्तीची आहे. ही यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. चाचणीतल्या औषधाचे कुणी पैसे मागितले, तर माझं मत विचाराल तर तिथूनच उठा.

केमो थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, एवढं शेजाऱ्यांना सांगितलं. मेसेज पाठवणाऱ्याकडे आम्ही चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.