मुक्तीचा रोजचा नेम

उजाडण्यापूर्वी लक्ष्मीबाई डोंगरे आपल्या धाकट्या मुलीला हलकेच उठवत. घरकाम सुरू झाले की दिवस त्यांचा राहत नसे, म्हणून पहाटेची वेळ शिकवण्यासाठी राखून ठेवलेली. पुस्तक हातात नाही; आई म्हणेल तो श्लोक लेकीने म्हणायचा, पुन्हा म्हणायचा. बारा वर्षांची होईतो भागवताचे अठरा हजार श्लोक तिला पाठ झाले होते, असे तिचे चरित्रकार सांगतात. हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई झाली.

रमाबाईंचे ख्रिस्ती जीवन म्हटले की आपल्याला मोठे प्रसंग आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे घेतलेला बाप्तिस्मा, 1889 चे शारदा सदन, दुष्काळात आसरा दिलेल्या शेकडो मुली, 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात आलेले संजीवन. त्या वर्षी मुली रडत, पापे कबूल करत, तासन्‌तास प्रार्थनेत राहत. ते दिवस खरेच होते. पण असा भर कायम टिकत नाही, आणि टिकायला हवा असेही नाही. तो ओसरल्यावर काय उरते, हा खरा प्रश्न. मुक्तीत नेम उरला.

त्याच सुमारास रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. वय पंचेचाळिशीच्या पुढे, कानांनी साथ सोडत आणलेली, अंगावर शेकडो जणींच्या जेवणाखाण्याची, औषधपाण्याची जबाबदारी. तरीही त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. त्या वेळचे मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जाई. तिला कळेल असे शास्त्र तिच्या हाती द्यायचे होते. एकूण 66 पुस्तके. रोज काही ओळी, मुळाशी ताडून, शब्द बदलून, पुन्हा वाचून. हे काम सुमारे सतरा वर्षे चालले.

छपाईही मुक्तीतच. तिथल्या मुली खिळे जुळवत. मराठीतली जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांचे बारीक खिळे खणांतून वेचायचे, अक्षरे उलटी वाचायची. पान छापून झाले की तेच खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत ठेवायचे, आणि पुढच्या पानासाठी पुन्हा वेचायचे.

इथे एक गैरसमज होऊ शकतो. नेम ही तारणाची किंमत नव्हे. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, रमाबाईंना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र अजून भेटायचा होता. तारण फुकट मिळते, हे कळल्यावरच त्यांची सर्वांत लांब मेहनत सुरू झाली. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांची यादी आहे. तिच्यात विश्वासूपणा आणि इंद्रियदमन ही दोन्ही एकाच झाडाची फळे आहेत.

नेमाची गरज कळते ती वाईट दिवशी. प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाला तेव्हा पवित्र शास्त्रातल्या दानीएलाने नवे काही केले नाही. खिडकी उघडून, नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा, गुडघे टेकले. जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा, तीच गेली. मुद्रिते तपासणे राहिले होते. आईने ते सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई स्वतः गेल्या. संपूर्ण शास्त्र 1924 मध्ये बाहेर आले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला 1905 येत नाही. संध्याकाळची कौटुंबिक उपासना येते, मुले पेंगत असतानाचा शास्त्रपाठ येतो, मन कोरडे असताना केलेली प्रार्थना येते. ती कोरडी प्रार्थना खोटी असते, असे मला वाटत नाही. मुक्तीतल्या मुलींना प्रत्येक खिळा उचलताना गहिवर थोडाच येत असेल? त्यांनी तो उचलला, म्हणून शास्त्राचे पान पुरे झाले.