दोष मायेचा नव्हता

मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही म्हटलं, की पहिलं बोट आईकडे! हे आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये चक्क पुस्तक लिहून स्वमग्नतेचं खापर आईबापांच्या, विशेषतः आईच्या कोरडेपणावर फोडलं.

१९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाले, साध्या जुळ्यांच्या १० पैकी एकाही जोडीत नाही. म्हणजे मोठा वाटा जनुकांचा, मायेचा नव्हे!

पण पुढच्या संशोधनाला पैसा? पोर्शिया आयव्हर्सन आणि जॉन शेस्टॅक या आईबापांनी १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला 'क्युअर ऑटिझम नाऊ' संस्था काढली. देणग्या तर जमवल्याच, शिवाय एकाहून जास्त स्वमग्न मुलं असलेल्या घरांतून रक्ताचे नमुने गोळा करून ते संशोधकांना खुले केले.

आता मोठी झालेली स्वमग्न मुलंच विचारताहेत, 'जनुकांवर एवढा खर्च, मग आमच्या शाळेवर, नोकरीवर, म्हातारपणावर संशोधन कधी?' प्रश्न अगदी रास्त आहे. आईवरचा डाग पुसला गेला, आता मुलांचं रोजचं जगणं सोपं व्हायला हवं.