सार्वजनिक आरोग्य : जालन्याच्या विद्यार्थ्यासाठी वाटा

जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, एमबीबीएसच्या १०० जागांचे. तिथल्या अभ्यासक्रमात जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजेच सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र, येतेच. विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा घ्यावा लागतो. पण या क्षेत्रात यायला डॉक्टरच असावे लागते, असे नाही. दोन वर्षांची एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही पदव्युत्तर पदवी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात घेता येते. नगरपालिकेत काम करायचे असेल, तर स्वच्छता निरीक्षकाची पदविका आहे; ती शिकवणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून मुंबईत आहे.

अभ्यासाचा खरा विषय मात्र जिल्ह्यातच पडलेला आहे. उन्हाळ्यात टँकरने येणारे पाणी घ्या. त्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर ते पाणी पिण्याजोगे मानू नये. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांची धूळ आणि कपाशीवर तोंड न झाकता होणारी फवारणी हेही याच शास्त्राचे धडे आहेत, आणि ते शिकलेली माणसे इथे हवी आहेत.