गोळी नेमकी किती आत?

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले बरेच लोक एकदा उडवलेली पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. ती गोळा करून घरी आणतात, स्वच्छ करतात, पुन्हा मापात आणतात, नवी टोपी बसवतात, तोलून दारू भरतात आणि वर नवी गोळी दाबून बसवतात. झाले काडतूस तयार. या घरगुती उद्योगाला तिथे ‘रीलोडिंग’ म्हणतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी काही करून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. करून पाहण्यासाठी पुढे पेन्सिलीचा एक प्रयोग दिला आहे, तेवढा जरूर करावा.

मग हा विषय इथे कशाला? कारण या मंडळींना हटकून येणारी एक अडचण आपल्या प्रयोगशाळेतही रोज भेटते. तेच यंत्र, तीच कृती, दहा वेळा केली. उत्तरे मात्र दहा वेगळी. यंत्राचा स्क्रू हललेला नाही, तरी एका काडतुसाची लांबी २९.४ मिलिमीटर भरते, दुसऱ्याची २९.२ आणि तिसऱ्याची २९.५. चूक शोधायची कुठे?

आधी हे पाहू, की पाव मिलिमीटरची एवढी काळजी का करायची. ९ मिलिमीटर पिस्तुलाचे काडतूस घेऊ. अमेरिकेतील शस्त्र-उत्पादकांची ‘सामी’ नावाची मानके ठरवणारी संस्था १९२६ साली स्थापन झाली. तिच्या मानकानुसार या काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिलिमीटर असते. आत निर्माण होणाऱ्या दाबाची मर्यादा चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,४०० पट! एवढा दाब बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा पितळी डबीत, क्षणाच्या हजाराव्या भागात तयार होतो.

आता समजा, गोळी ०.७६ मिलिमीटर जास्त आत गेली. गोळीच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस मिलिमीटर, म्हणजे दारूच्या वाट्याची जागा सुमारे ४९ घन मिलिमीटरने घटली. या काडतुसात गोळीखाली साधारण साडेपाचशे ते सहाशे घन मिलिमीटर जागा असते. म्हणजे घट झाली आठ-नऊ टक्के. बॉइलचा नियम शिकलेला विद्यार्थी म्हणेल, दाबही साधारण तेवढाच वाढेल. पण स्पीअर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत अशाच एका चाचणीची नोंद आहे. ९ मिलिमीटरच्या काडतुसात गोळी मुद्दाम ०.०३० इंच, म्हणजे तेवढीच ०.७६ मिलिमीटर, जास्त आत बसवली, तेव्हा दाब २८,००० वरून ६२,००० वर गेला. (ही एकके तांब्याचा लहानसा ठोकळा किती चेपला यावरून मोजलेली आहेत.) दुपटीहून अधिक!

बॉइलचा नियम खोटा पडला का? नाही. तो ठरावीक वायूसाठी आहे, आणि इथे वायू तयार होतो आहे. फ्रान्सच्या पोल व्हिएय यांनी १८८४ मध्ये शोधलेल्या धूरविरहित दारूच्या कुळातलीच दारू आजही वापरतात. या दारूचा गुण असा, की दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते. जागा थोडी कमी, म्हणून सुरुवातीचा दाब थोडा जास्त. म्हणून जळणे वेगवान. म्हणून गोळी नळीत पुढे सरकून जागा करून देण्याआधीच आणखी वायू. म्हणून आणखी दाब. असे चक्र सुरू होते. पितळ हे सोसत नाही. ज्या भागाला पिस्तुलाच्या पोलादाचा आधार नसतो तिथे पुंगळी फुटते, आणि पिस्तूल असते हातात.

आता यंत्राकडे वळू. दांडा ओढला की पुंगळी वर जाते आणि तिच्या तोंडावर ठेवलेली गोळी डायमधल्या एका दट्ट्यावर टेकून आत ढकलली जाते. दट्ट्याची उंची स्क्रूने ठरवलेली असते. तेव्हा प्रत्येक गोळी सारखीच आत जायला हवी.

लांबी कमीजास्त भरते असे दिसताच बहुतेक जण हाच स्क्रू फिरवू लागतात. आमच्या मते पहिला संशय व्हर्निअरवर घ्यावा. एकच काडतूस दहा वेळा मोजावे. तिरके धरले, जबडे जोरात दाबले, की आकडा बदलतो. एकाच वस्तूच्या दहा मापांत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडत असेल, तर तेवढा फरक मोजणाऱ्याचा, यंत्राचा नव्हे. शाळेत आपण विद्यार्थ्यांना शून्यदोष शिकवतो, पण एकच माप दहा वेळा घ्यायला क्वचितच लावतो.

दुसरा संशयित म्हणजे खुद्द गोळी, आणि इथे खरी गंमत आहे. दट्ट्याच्या तोंडाला खळगा असतो. तो बहुधा गोळीच्या टोकाला टेकत नाही, तर टोकाच्या खाली, उतरत्या गोलाईवर एका कड्यासारख्या रेषेत टेकतो. हे समजायला एक पोस्टकार्ड आणि नुकती तासलेली पेन्सिल घ्या. कार्डाला सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचे नीट गोल भोक पाडा. पेन्सिलीचे टोक त्यात घाला. शंकूचा व्यास भोकाएवढा होतो तिथे ती अडेल. कार्डापासून पेन्सिलीच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा आणि एकूण लांबीही मोजा. आता टोक फरशीवर घासून दोन मिलिमीटर बोथट करा. पुन्हा मोजा. एकूण लांबी घटली, पण कार्डापासूनचे अंतर होते तेवढेच राहिले! गोळीचेही तसेच. शिशाची टोके ओतताना किंवा हाताळताना थोडी चेपतात. काडतुसाची एकूण लांबी मग बदलते, पण गोळीचा तळ जिथे जायचा तिथेच गेलेला असतो, आणि दाबाच्या दृष्टीने महत्त्व तळाचे. म्हणजे आपण मोजतो एक आणि काळजी असते दुसऱ्याची. असा फरक निरुपद्रवी असतो.

याउलट दट्ट्याचा खळगा गोळीच्या आकाराशी जुळत नसेल, चपट्या टोकाच्या गोळीला गोल टोकाचा दट्ट्या लावला असेल, तर गोळी तिरकी बसते आणि खोलीही खरोखर बदलते. खळग्यात शिसे आणि गोळीवरचे मेण साचत गेले, तर प्रत्येक नवी गोळी आधीचीपेक्षा थोडी जास्त आत जाते. लांबी अशी एकाच दिशेने सरकताना दिसली, की डाय खोलून साफ करावी. उलट लांबी वरखाली उड्या मारत असेल, तर ढिलाई शोधावी: डायची नट, पुंगळ्या धरणारी फिरती तबकडी, किंवा दांडा दर वेळी शेवटपर्यंत न नेणारा आपलाच हात. एका ओढीत चार-पाच कामे करणाऱ्या यंत्रात आणखी एक भानगड असते. तबकडीची सगळी घरे भरलेली असताना जोर जास्त लागतो आणि यंत्राची चौकट किंचित ताणते. पहिली आणि शेवटची काही काडतुसे त्यामुळे वेगळी भरतात, कारण तेव्हा काही घरे रिकामी असतात.

वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या मिसळल्या, तर भिंतींची जाडी वेगळी, म्हणून गोळी ढकलायला लागणारा जोर वेगळा, म्हणून चौकटीचा ताणही वेगळा. शिवाय पातळ भिंतीची पुंगळी गोळीला घट्ट धरत नाही, आणि आमच्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट हीच. बसवताना लांबी बरोबर असते. पण पिस्तुलात सरकताना गोळीचे नाक उतरणीवर आदळते आणि ती आत घुसते. म्हणून जाणकार मंडळी तयार काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून पाहतात आणि पुन्हा मोजतात. लांबी घटली तर ते काडतूस उडवत नाहीत, खोलून टाकतात.

एवढे करूनही चार-पाच थाउंचा, म्हणजे दहाएक शतांश मिलिमीटरचा, फरक उरतोच, आणि पिस्तुलाच्या काडतुसात तो चालवून घेतात. अमेरिकेच्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनच्या कारखान्यासाठी नियंत्रण-आलेख मांडला, तो याच प्रश्नासाठी. कुठला फरक शोधून काढण्याजोगा आणि कुठला नुसता योगायोगाचा? हे न पाहता, काडतूस ०.१ लांब भरले म्हणून स्क्रू ०.१ खाली, पुढचे आखूड म्हणून पुन्हा वर, असे दर वेळी करत राहिले तर काय होते? हे फासे टाकून वर्गात पाहता येते. एकामागून एक तीस दाने टाका आणि लिहून ठेवा. मग प्रत्येक दानात, आधीच्या दानाचा साडेतीनपासून जेवढा फरक होता तेवढी उलट दुरुस्ती करा: आधी ६ पडले असतील तर आताच्या दानातून २.५ वजा, आधी १ पडला असेल तर २.५ मिळवा. दोन्ही रांगा आलेखावर शेजारी काढा. दुरुस्त केलेली रांग जास्त पसरलेली दिसेल. गणिताने तिचे विचरण बरोबर दुप्पट येते.